रेझ्युमेच्या पहिल्या चार ओळी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या उमेदवारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या भागातून रेझ्युमे चारी दिशांना जातात. कुणी उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत देतं, कुणी हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात), कुणी कोल्हापूरकडच्या शिरोली-कागलच्या एमआयडीसीत, कुणी गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत. उरलेले पुणे नाहीतर बंगळूर. पोरं कामाला चांगली असतात, पण कागदाची सुरुवात अशी असते की वाचणाऱ्याला त्यातलं काहीच कळत नाही. रेझ्युमे बघून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नमुने मराठीत दिलेत, म्हणजे आशय नीट समजेल. कंपनीला इंग्रजीत पाठवायचं असेल तर हेच साध्या, छोट्या वाक्यांत इंग्रजीत लिहायचं.

सुरुवात म्हणजे नेमका कुठला भाग?

नाव, मोबाईल नंबर, ईमेल, गाव आणि त्याच्या खालच्या तीन-चार ओळी. शिक्षणाचा तक्ता, जुन्या नोकऱ्या, छंद हे सगळं त्यानंतर. भरती करणारा माणूस आधी हा वरचा भाग बघतो आणि पुढचं वाचायचं की नाही ते तिथेच ठरवतो. अमेरिकेतल्या लॅडर्स या नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१८ साली केलेल्या पाहणीत एका रेझ्युमेवर पहिल्यांदा नजर फिरवायला सरासरी ७.४ सेकंद जातात असं दिसलं. आपल्याकडे लहान कारखान्यात तर मालक किंवा प्रॉडक्शन मॅनेजरच भरती करतो. एका हातात जॉब (मशीनवर घडवायचा सुटा भाग), दुसऱ्या हातात तुमचा कागद. त्याला तुमच्याबद्दल पहिली माहिती मिळते ती याच चार ओळींतून.

‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ घालायलाच पाहिजे काय?

नाही. बहुतेकांनी तो काढूनच टाकावा.

ते वाक्य कुठून येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेजसमोरच्या नेट सेंटरमध्ये जायचं, तिथल्या कॉम्प्युटरवर आधीच्या कुणाची तरी फाईल असते, तीच उघडून नाव, नंबर, टक्के बदलायचे आणि प्रिंट काढायची. वरचं ‘टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट’ तसंच राहतं. फिटर, नर्स, बी.कॉम. झालेली मुलगी आणि सिव्हिल इंजिनिअर, चौघांच्या रेझ्युमेवर एकच वाक्य! ज्याच्या टेबलावर ते चारही कागद येतात त्याने ते वाक्य वाचणं कधीच सोडून दिलेलं असतं.

दुसरी गोष्ट अशी की त्या वाक्यात तुम्हाला काय पाहिजे तेवढंच सांगितलेलं असतं. मला वाढायचंय, मला शिकायचंय, मला माझं कौशल्य वापरायचंय. समोरच्याची अडचण वेगळी असते. त्याचा रात्रपाळीचा ऑपरेटर सोडून गेलाय, नाहीतर त्याला मार्चअखेरचे हिशोब आवरायचेत. त्या अडचणीत तुम्ही कुठे उपयोगी पडाल, हे पहिल्या ओळीत दिसलं पाहिजे.

ऑब्जेक्टिव्हची खरी गरज एकाच वेळी पडते. शिक्षण एका बाजूचं आणि अर्ज दुसऱ्या बाजूला, असं असेल तर वाचणारा गोंधळतो. बी.एस्सी. केमिस्ट्री करून दोन वर्षं दुकानात काम केलेल्या मुलाला औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल विभागात जायचं असेल तर त्याने ते एका ओळीत सरळ सांगावं: ‘बी.एस्सी. (केमिस्ट्री), औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये ट्रेनी केमिस्ट म्हणून काम हवं आहे.’ तेवढं पुरे.

मग त्या तीन-चार ओळींत लिहायचं काय?

तुम्ही कोणतं काम करता, किती वर्षं, कशावर (मशीन, सॉफ्टवेअर, विभाग), त्यातलं स्वतःच्या जबाबदारीवर काय करता आणि कुठे, कधी यायला तयार आहात. शेवटी एखादी गोष्ट अशी, जी समोरचा तपासून बघू शकेल.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. खानापूर तालुक्यातला मुलगा, आयटीआय टर्नर, चार वर्षं उद्यमबागेत कामाला. त्याच्या रेझ्युमेवर लिहिलेलं होतं: ‘मेहनती, प्रामाणिक आणि शिकण्याची आवड असलेला उमेदवार. कुठल्याही कामाला तयार.’

त्याला विचारत गेलं की खरी माहिती बाहेर येते. मशीन कुठलं? व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन). कंट्रोल, म्हणजे ते चालवणारी यंत्रणा, कुठल्या कंपनीची? फानुक. जॉब काय असतो? हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी. नुसतं लोडिंग-अनलोडिंग करतोस की सेटिंगपण? ‘सेटिंग मीच करतोय. प्रोग्रॅम साहेब देतात, ऑफसेट (हत्याराच्या मापाचा फरक) मी घालतोय.’ पहिला नग कोण चेक करतं? ‘मीच करतोय की. मग क्वालिटीवाला बघतोय.’ कशाने? बोअर गेज, मायक्रोमीटर. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक? २० मायक्रॉन.

हे सगळं त्याच्या तोंडात होतं, कागदावर त्यातला एक शब्द नव्हता. मग सुरुवात अशी झाली:

‘व्हीएमसी ऑपरेटर-सेटर, ४ वर्षांचा अनुभव. फानुक कंट्रोलवर हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडीचं मशिनिंग. जॉब सेटिंग, टूल ऑफसेट आणि पहिल्या नगाची तपासणी स्वतः करतो. बोअर गेज व मायक्रोमीटरने २० मायक्रॉन टॉलरन्सचं काम. आयटीआय (टर्नर). तिन्ही शिफ्टना तयार. कागल, शिरोली किंवा पुण्यात राहून काम करू शकतो.’

यात ‘मेहनती’ कुठेच नाही, तरी ‘तिन्ही शिफ्टना तयार’ वाचल्यावर ते कळतं. ‘पहिल्या नगाची तपासणी स्वतः’ हे शब्द वाचून कागलच्या सुपरवायझरला समजतं की या पोराला रात्री एकट्याला मशीनवर सोडता येईल. आणि ‘प्रोग्रॅमिंग’ हा शब्द आम्ही मुद्दाम घातला नाही, कारण तो प्रोग्रॅम करत नाही. मशीन शॉपमध्ये मुलाखत खुर्चीवर बसून होत नाही. सरळ मशीनसमोर उभं करतात. जे येत नाही ते वर लिहिलं तर पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं आणि मग जे खरंच येतं त्यावरही विश्वास बसत नाही.

हेच प्रश्न स्वतःला विचारा. नाहीतर घरातल्या कुणालातरी विचारायला सांगा आणि मोबाईलवर उत्तरं रेकॉर्ड करा. माणूस बोलताना नेमकं बोलतो. लिहायला बसला की ‘मेहनती, प्रामाणिक’ सुरू होतं.

अनुभवच नाही. आत्ताच डिप्लोमा (किंवा बी.ई., आयटीआय) झालाय. काय लिहू?

नोकरी केली नसेल, पण काहीतरी केलेलं असतंच. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, इंटर्नशिप, अ‍ॅप्रेंटिसशिप, सुट्टीत कुणाच्या वर्कशॉपमध्ये घालवलेले दिवस. अडचण अशी की प्रोजेक्ट चौघांचा असतो आणि चौघंही रेझ्युमेवर तेच नाव लिहितात. वाचणाऱ्याला त्यातला तुमचा वाटा पाहिजे असतो.

समजा, खानापूर-चंदगडकडे काजूचे कारखाने आहेत म्हणून तुमच्या गटाने काजू फोडण्याचं यंत्र केलं. तर सुरुवात अशी करता येईल: ‘मेकॅनिकल डिप्लोमा, २०२५. प्रोजेक्ट: काजू फोडण्याचं हातयंत्र, वेगवेगळ्या आकाराच्या बियांसाठी दोन पात्यांमधलं अंतर बदलण्याची रचना आणि सॉलिडवर्क्समधली ड्रॉइंग माझी. डिझाईन किंवा प्रॉडक्शन विभागात ट्रेनी म्हणून लगेच रुजू होऊ शकतो.’ यावर मुलाखतीत चार प्रश्न नक्की येतील, आणि ते तुम्हाला उत्तर ठाऊक असलेले असतील. फ्रेशरला याहून चांगली मुलाखत कुठली?

अ‍ॅप्रेंटिसशिप पूर्ण करून परीक्षा पास झाला असाल तर ते पहिल्याच ओळीत घ्या. ते सर्टिफिकेट देशभर चालतं आणि त्याचा अर्थ कारखान्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

सीजीपीए चांगला असेल तर वर, नसेल तर खाली शिक्षणाच्या तक्त्यात. खोटा लिहू नका आणि टक्केवारीत बदलून फुगवूही नका. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं) मुख्यालय आपल्याच गावात आहे, इथल्या कंपन्यांना त्यांची गुणपत्रिका वाचता येते.

घरच्या धंद्यात काम केलंय. ते अनुभवात धरतात काय?

धरतात, पण नीट लिहिलं तर. आपल्याकडे हा प्रश्न फार येतो, कारण शहापूर, वडगाव, खासबागेत घरोघरी माग आहेत, गावाकडे ऊस-भाजीपाला आहे, निपाणीला तंबाखूचा व्यापार आहे. मुलं-मुली कॉलेज करता करता घरचा हिशोब बघतात आणि रेझ्युमेवर मात्र ‘अनुभव: नाही’ असं लिहितात. वाईट वाटतं ते वाचून.

वडगावात घरचे माग असलेल्या, बी.कॉम. झालेल्या मुलीची सुरुवात अशी होऊ शकते: ‘बी.कॉम. कुटुंबाच्या साडी विणकामाच्या व्यवसायात ३ वर्षं हिशोबाचं काम: सूत खरेदी, कारागिरांची मजुरी आणि व्यापाऱ्यांकडची येणी यांच्या टॅली प्राइममध्ये नोंदी, जीएसटीआर-१ आणि ३बी साठीचे आकडे दर महिन्याला काढून सीए ऑफिसला देते.’

दोन गोष्टी बघा. ‘कुटुंबाच्या’ हा शब्द लपवलेला नाही. लपवला आणि मागाहून आडनावावरून कळलं तर फसवल्यासारखं वाटतं. आणि ‘रिटर्न भरते’ असं लिहिलेलं नाही, कारण जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्न भरतो तो सीए. ती आकडे काढून देते. दर महिन्याला वेळेत आकडे काढून देणारं माणूस हेच तर कुठल्याही अकाऊंट्स विभागाला पाहिजे असतं. स्वतःला ‘मॅनेजर’ किंवा ‘पार्टनर’ लावून घेऊ नका.

भाषा वर लिहायच्या की खाली? मराठी मातृभाषा लिहिलं तर बंगळूरला आणि कन्नड लिहिलं तर पुण्याला अडचण येते काय?

काम माणसांशी बोलण्याचं असेल तर भाषा वर, यंत्राशी असेल तर खाली. सेल्स, दवाखान्याचं रिसेप्शन, नर्सिंग, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, ट्रान्सपोर्ट, बँकेचं फील्डवर्क या कामांत आपल्या भागातल्या माणसाकडे जे आहे ते पुण्यातल्या किंवा बंगळूरच्या उमेदवाराकडे सहसा नसतं: मराठी, कन्नड, हिंदी, कामापुरतं इंग्रजी, आणि पुष्कळांना थोडी कोकणीही. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी आणि गोवा असा पट्टा एकच माणूस सांभाळू शकतो, हे कंपनीच्या फार कामाचं असतं. पण तुम्ही ते दुसऱ्या पानाच्या तळाला, छंदांच्या शेजारी लिहिता.

लिहिताना मोघम लिहू नका. ‘लँग्वेजेस नोन’ म्हणून चार नावं टाकली की कोणती किती येते ते कळत नाही. असं लिहा: ‘मराठी व हिंदी: बोलणं, वाचणं, लिहिणं. कन्नड: सफाईने बोलणं, वाचणं. इंग्रजी: वाचणं, ईमेल लिहिणं, कामापुरतं बोलणं.’ इथे मराठी माध्यमात शिकलेल्यांनाही शाळेत कन्नड विषय असतो, त्यामुळे बोर्ड, फॉर्म, बिलं वाचता येतात. पण पानभर पत्र लिहिता येत नसेल तर ‘लिहिणं’ लिहू नये. हुबळी-बंगळूरकडचे मुलाखत घेणारे मध्येच कन्नडमध्ये प्रश्न टाकतात. तुम्ही ‘बोलता येतं’ एवढंच लिहिलं असेल आणि ते येत असेल, तर तिथेच तुमचं निम्मं काम होतं.

मातृभाषा लपवायचं काहीच कारण नाही. मराठी ही आपली ताकद आहे आणि कन्नड येणं हीसुद्धा. दोन्ही एकाच ओळीत अभिमानाने लिहा. सीमाभागात वाढलेल्या मुलांनी दोन्हींतली एक भाषा भीतीपोटी खोडलेली मी पाहिली आहे, आणि तसं करायला कुणीच कुणाला सांगू नये असं मला मनापासून वाटतं.

पत्त्यात बेळगाव लिहू की बेळगावी?

घरात आपण बेळगावच म्हणतो. रेझ्युमेचा प्रश्न मात्र कागद जुळण्याचा आहे. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं. त्याआधीच्या मार्कशीटवर, सर्टिफिकेटवर जुनं नाव आहे, आधारवर बहुधा नवं. नोकरीच्या संकेतस्थळांवर शहर निवडताना सरकारी नावाने शोधणारे तुम्हाला सापडले पाहिजेत, म्हणून संपर्काच्या ओळीत इंग्रजी स्पेलिंग सध्याचं घाला. कॉलेज, विद्यापीठ यांची नावं जशी सर्टिफिकेटवर छापली आहेत तशीच ठेवा. जुन्या पदवीवर धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि धाकट्या भावाच्या पदवीवर राणी चन्नम्मा विद्यापीठ, हेसुद्धा असंच. चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं, त्याआधी इथली कॉलेजं धारवाडला जोडलेली होती.

पुणे-कोल्हापूरला पाठवताना एसएसएलसीपुढे ‘दहावी’ आणि पीयूसीपुढे ‘बारावी’ असं कंसात लिहा. तिकडच्या एचआरच्या नव्या मुलीला पीयूसी म्हणजे काय ते माहीत असेलच असं नाही.

पूर्ण पत्ता लिहायचा काय?

घर नंबर, गल्ली, पोस्ट, तालुका, पिन यांची गरज नाही. गाव किंवा शहर, जिल्हा आणि राज्य पुरे. त्या जागी दुसरी एक गोष्ट लिहा, जी आपल्या भागातल्या उमेदवारासाठी फार महत्त्वाची आहे. पुण्याच्या कंपनीने ‘कर्नाटक’ वाचलं की पहिला विचार येतो: हा इथे येऊन राहील काय, की चार महिन्यांत गावी परत जाईल? त्या शंकेचं उत्तर वरच देऊन टाका. ‘पुण्यात राहण्याची सोय आहे’ किंवा ‘निवड झाल्यापासून १५ दिवसांत रुजू होऊ शकतो’. निपाणीच्या मुलाने कागलसाठी अर्ज करताना ‘निपाणीहून रोज ये-जा शक्य’ असं लिहिलं तर कंपनीला कळतं की खोलीभाड्याच्या कारणावरून हा नोकरी सोडणार नाही.

घरच्यांशी बोलणं झालेलं नसताना ‘कुठेही यायला तयार’ लिहू नका. ऑफर आल्यावर ‘आई नको म्हणतेय’ सांगणाऱ्यामुळे त्याच्या गावच्या पुढच्या पोराची वाट अडते.

नाव कसं लिहावं?

दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तसं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी सध्याच्या आधार-पॅनवरचं नाव वर लिहावं आणि शिक्षणाच्या भागात एकदा ‘प्रमाणपत्रांवरील नाव’ म्हणून माहेरचं द्यावं. ‘रेझ्युमे’ किंवा ‘करिक्युलम व्हिटे’ असा मथळा नको. तिथे तुमचं नावच मोठ्या अक्षरांत हवं, आणि खाली पद: ‘व्हीएमसी ऑपरेटर-सेटर’, ‘स्टाफ नर्स’, ‘अकाऊंट्स असिस्टंट’.

ईमेल नावाचाच हवा. कॉलेजात काढलेला ‘रॉयल’, ‘किंग’ असल्या शब्दांचा आयडी असेल तर आजच नवा काढा आणि तो रोज उघडून बघा.

फोटो, वडिलांचं नाव, जात, उंची, वर ‘॥ श्री ॥’?

यातलं काही नको. हे लग्नाच्या बायोडाटात शोभतं. नोकरीच्या कागदावर वरची जागा मोलाची आहे. कंपनीने फोटो मागितला असेल तरच लावा.

मध्ये काही वर्षं गेली आहेत. सुरुवातीला ते सांगावं काय?

सुरुवातीला नाही, खाली एका ओळीत, कारणासकट. वर लिहायचं ते तुम्हाला काय येतं आणि ते आजही चालू आहे याची खूण.

बाळंतपण आणि मुलांमुळे थांबलेली जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा झालेली) नर्स असं लिहू शकते: ‘स्टाफ नर्स (जीएनएम), मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डात ५ वर्षांचा अनुभव. कर्नाटक नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू. रात्रपाळीला तयार.’ नोंदणी चालू असल्याचा उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण हॉस्पिटल पहिल्यांदा तेच विचारतं. कोल्हापूर किंवा पुण्याला जायचं असेल तर महाराष्ट्राच्या नर्सिंग कौन्सिलकडेही नोंदणी लागते. त्यासाठी अर्ज केला असेल तर तसं लिहा.

पोरांचा प्रकार वेगळा. आर्मी भरती, पीएसआय, बँकिंग करत तीन-चार वर्षं जातात आणि मग रेझ्युमेवर तो काळ कोराच दिसतो. त्यात लाज कसली? सकाळी पाचला मैदानावर धावणारा मुलगा आळशी नसतो. ‘२०२१ ते २०२४: सैन्यभरतीची तयारी’ असं खाली सरळ लिहा. वर मात्र त्या काळात दुसरं जे केलंत ते आणा: ट्यूशन घेतल्या, दुकान सांभाळलं, डिलिव्हरीचं काम केलं, जड वाहनाचं लायसन्स काढलं.

सैन्यातून निवृत्त झालोय. हुद्दा लिहिला की पुरे होतं काय?

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच असल्यामुळे इथल्या माणसाला हवालदार, नायब सुभेदार म्हणजे काय ते कळतं. पुण्याच्या एचआरला कळेलच असं नाही. म्हणून हुद्द्याबरोबर काम लिहा: किती माणसं हाताखाली होती, कुठलं सामान, किती वाहनं, कुठलं स्टोअर सांभाळलं. ‘माजी हवालदार, १७ वर्षं सेवा. वाहन विभागात जड वाहनांची दुरुस्ती आणि नोंदवही, १२ चालकांच्या ड्युटीचं नियोजन’ हे वाचून ट्रान्सपोर्ट कंपनीचा मालक फोन करतो. कुठल्या मोहिमेवर, कुठल्या चौकीवर होता, त्याचे तपशील रेझ्युमेवर येऊ नयेत.

मराठीत रेझ्युमे चालतो काय?

मराठी शाळा, पतसंस्था, वर्तमानपत्राचं ऑफिस इथे चालतो, कधी कधी तोच जास्त शोभतो. टाईप मात्र युनिकोडमध्ये करा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाईल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती विचित्र चिन्हं दिसतात. कन्नडमध्ये नुडीच्या जुन्या फॉन्टचं तसंच होतं. काहीही असो, पाठवताना पीडीएफ करून पाठवा. शिक्षकांनी डी.एड., बी.एड. आणि कुठली टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास आहे ते पहिल्या ओळीतच लिहावं. कर्नाटकाची, महाराष्ट्राची की केंद्राची, हे स्पष्ट हवं.

मोठ्या कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं म्हणे?

बऱ्याच ठिकाणी, हो. ते जाहिरातीतले शब्द तुमच्या कागदात शोधतं. जाहिरातीत ‘सीएमएम इन्स्पेक्शन’ (मापं घेणाऱ्या यंत्रावरची तपासणी) असेल आणि तुम्ही ते काम खरंच केलं असेल तर तोच शब्द वापरा, नुसतं ‘क्वालिटीचं काम’ नको. रंगीत पट्ट्या, दोन कॉलम, चौकटीतला मजकूर, चित्रं यांतलं काही वेळा त्या सॉफ्टवेअरला वाचताच येत नाही, म्हणून नाव आणि नंबर साध्या ओळीत ठेवा. कौशल्यापुढे पाच चांदण्यांतल्या चार रंगवण्याची जी फॅशन आली आहे तिचा कुणालाच उपयोग नाही.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर?

इंग्रजी तपासायला घ्या. पण आधी स्वतःची चार वाक्यं मराठीत लिहून त्याला द्या आणि ‘यात नवं काही घालू नको’ असं सांगा. नुसतं ‘फिटरसाठी सुरुवात लिहून दे’ म्हटलं तर ते ‘डायनॅमिक’, ‘रिझल्ट-ओरिएंटेड’ अशी विशेषणं पेरतं, आणि मग नेट सेंटरच्या जुन्या फाईलसारखंच होतं: सगळ्यांचं एकसारखं. कधी तुम्ही न केलेलं कामही त्यात घुसतं. आलेला मजकूर मोठ्याने वाचा. जे वाक्य मुलाखतीत तुमच्या तोंडून अडखळत येईल ते काढा.

सरकारी नोकरीसाठी हे सगळं लागतं काय?

नाही. तिथे ठरलेला ऑनलाइन अर्ज असतो. तारखा, टक्के, दाखले बिनचूक भरणं महत्त्वाचं. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना महाराष्ट्राच्या पुष्कळ भरत्यांत अर्ज करता येतो. त्यासाठी विहित नमुन्यातला रहिवासाचा दाखला लागतो, जाहिरात नीट वाचून तो वेळेत काढून ठेवा. खासगी कंपनीच्या रेझ्युमेवर त्याचा उल्लेख करायची गरज नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर रेझ्युमे पाठवताना काही लिहायचं काय?

लिहायचंच. आपल्याकडे निम्म्या नोकऱ्या ओळखीतून आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून लागतात, आणि लोक नुसती फाईल टाकून मोकळे होतात. समोरच्याला ती उघडायचं कारण काय? तुमच्या पहिल्या दोन ओळीच मेसेज म्हणून लिहा: ‘नमस्कार सर, व्हीएमसी ऑपरेटर-सेटरच्या जागेसाठी रेझ्युमे पाठवतोय. फानुकवर ४ वर्षं, सेटिंग स्वतः करतो, सोमवारपासून येऊ शकतो.’ फाईलचं नाव ‘रेझ्युमे फायनल न्यू २’ असं ठेवू नका. स्वतःचं नाव आणि पद ठेवा, म्हणजे आठवड्याने साहेबांनी मोबाईलमध्ये ‘व्हीएमसी’ म्हणून शोधलं तर तुमचीच फाईल वर येईल. आणि मेसेज गेल्यावर फोन चालू ठेवा. अनोळखी नंबर दिसला म्हणून कट करू नका. कारखान्यातला माणूस जेवणाच्या सुट्टीत एकदाच फोन करतो.